अठरा इंची ड्रमसमोर कोणता माइक?

रॉक बँडचा बास ड्रम बहुधा २२ इंची. पुढच्या पडद्याला भोक, आत उशी, भोकातून आत सरकवलेला माइक. जॅझवाल्यांचा ड्रम बऱ्याचदा १८ इंचीच असतो. दोन्ही पडदे शाबूत, आत काही कोंबलेलं नाही आणि लावलेलाही चढा. पेडल दाबलं की तो घुमतो, आणि त्या घुमण्यात सूर कळतो. रेकॉर्डिस्टची पंचाईत इथूनच सुरू होते.

स्टुडिओच्या कपाटातून ‘बास ड्रमचा माइक’ म्हणून हमखास निघतो तो एकेजीचा डी ११२. शंभर हर्ट्झखालची ताकद आणि ४,००० हर्ट्झच्या आसपासचा उठाव, अशी त्याची घडण. गिटारींच्या गोंगाटातूनही पायाचा टोला त्यामुळे बाहेर येतो. जॅझमध्ये मात्र तोच टोला आगंतुक वाटतो. इथे ड्रमर चारही मात्रांवर पाय इतका हलका ठेवतो, की ठोका ऐकू येण्यापेक्षा जाणवतो. याला ‘फेदरिंग’ म्हणतात. मग मध्येच एखादा जोरकस ठोका पडतो, तो ‘बॉम्ब’. केनी क्लार्कच्या पिढीने तो रुजवला. माइकला हे दोन्ही पेलायला हवं.

म्हणून निवड वेगळ्या वाटेने जाते. साधारण दिशादर्शी माइक वाद्याला चिकटवला की खर्ज फुगतो. १९६८ साली आलेल्या इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२०च्या अंगावरच्या खाचा हा फुगवटा आवरतात. मोठ्या पडद्याचा कंडेन्सर फूटभर दूर, मध्यापासून जरा कडेला ठेवला, तर ड्रमची आस पूर्ण मिळते. रिबन माइक पुढून-मागून ऐकतो, बाजूंनी बहिरा असतो. ती बहिरी बाजू डबल बासकडे वळवता येते. बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, त्यामुळे खर्जात दोघांची गर्दी होतेच. फक्त रिबनची पट्टी नाजूक. हवेच्या झोताने ती खराब होते, म्हणून अंतर राखायचं.

स्वतंत्र माइक हवाच असंही नाही. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९मध्ये न्यू यॉर्कच्या ३०व्या रस्त्यावर, एकेकाळच्या चर्चमध्ये थाटलेल्या कोलंबियाच्या स्टुडिओत तीन ट्रॅकच्या टेपवर मुद्रित झाला. तीन ट्रॅकमध्ये अख्खा वाद्यमेळ बसवायचा, तिथे जिमी कॉबच्या बास ड्रमला वेगळा ट्रॅक कुठून मिळणार? तोल मुद्रण चालू असतानाच साधायचा.

आजही अनेक जण आधी ड्रमसेटच्या वरचे माइक लावून बघतात. त्यांत बास ड्रम कमी पडला, तरच पुढे आणखी एक येतो. वरचा माइक मीटरभर लांब असेल तर ठोका तिथे सुमारे तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही आवाज एकत्र आले की खर्ज पोकळ होऊ शकतो. तेव्हा मिक्सरवरचं पोलॅरिटीचं बटण दाबून पाहायचं आणि जी बाजू भरीव वाजेल ती ठेवायची. मग नव्या माइकचा फेडर ड्रम वेगळा ऐकू येईपर्यंत वर न्यायचा आणि तिथून थोडा खाली आणायचा.