राजकीय बातम्या आणि लोकांचा विश्वास
राजकीय बातमी मुख्यतः दोन प्रकारे मांडली जाते. एका मांडणीत प्रश्न, धोरण आणि त्याचे परिणाम यांना महत्त्व असते. दुसरीत कोण पुढे, कोण मागे आणि कोणाचा डाव काय, याला. अमेरिकेतील अभ्यासक जोसेफ कॅपेला आणि कॅथलीन हॉल जेमिसन यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पायरल ऑफ सिनिसिझम’ या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे दाखवले, की डावपेचांवर भर देणाऱ्या बातम्यांमुळे नेत्यांच्या हेतूंविषयी संशय बळावतो. राजकीय अभ्यासक पिपा नॉरिस यांनी २००० साली वेगळा निष्कर्ष मांडला: नियमित बातम्या वाचणारे-पाहणारे नागरिक राजकारणाबाबत अधिक जाणकार असतात आणि त्यांचा विश्वासही तुलनेने जास्त असतो. मात्र मुळात विश्वास असलेले लोकच बातम्यांकडे अधिक वळत असण्याचीही शक्यता असते. त्यामुळे यातील कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवणे अवघड जाते.