वजनाची नोंद आणि तिजोरीची किल्ली

सुरतेच्या भेस्तान, पांडेसरा, उधना या पट्ट्यात यंत्रमागावर राबणारा आमचा खानदेशी बांधव लठ्ठपणाला शेठजींचा रोग समजतो. हा समज आता टाकावयास हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेतील पाच वर्षांखालील ३९ टक्के बालके खुरटलेली आढळली. त्याच राज्यात १५ ते ४९ वयाच्या २२.६ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर दाखवून दिले आहे की, आपली कमी वजनाची अर्भकेही जन्मतःच चरबी बाळगून असतात. उपासमार आणि स्थूलता एकाच चाळीत नांदतात, त्या अशा.

२०२१ पासून अंगणवाडी सेविका बालकांची उंची व वजन 'पोषण ट्रॅकर'वर नोंदवीत आहेत. तिशीपुढील माणसांची कंबर आशा सेविकेने मोजावी, अशीही तरतूद आहे. परंतु मोजणे म्हणजे उपचार नव्हे. अखाजीला गावी गेलेले कुटुंब परतल्यावर त्याचा धागा पुन्हा जोडावा लागतो; आणि ज्या गल्लीत आकडा चढला, तिथे डाळ, भाजी व सल्ला पोहोचावा लागतो. त्याला पैसा लागतो.

१९९४ च्या प्लेगनंतर याच सुरतेत पालिकेचे अधिकारी रोज वस्त्यांत उतरले आणि शहर पालटले. तीच शिस्त आज आहाराच्या बाबतीत हवी. आमचे म्हणणे एवढेच : निधी द्या, पण तो आकड्यामागून गल्लीत जाऊ द्या, आणि तो आकडा त्या गल्लीलाही वाचून दाखवा.