किटवरची लाल रेघ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ताप आला की 'आधी किट लावून बघू' हे वाक्य आता घरोघरी ऐकू येतं. डेंग्यू, मलेरिया, कोविड या तिन्हींच्या झटपट चाचण्या अर्ध्या तासाच्या आत उत्तर देतात. ही किट हवीतच. मात्र ती काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे ठाऊक नसलं तर रुग्णाचे मोलाचे दिवस वाया जातात.

गैरसमज १ : नॅनो तंत्रज्ञान अजून प्रयोगशाळेतच आहे.

वस्तुस्थिती : ते तुमच्या हातातल्या किटमध्ये आहे. प्लास्टिकचं कवच उघडलं तर आत एक कागदी पट्टी दिसते. तिच्या एका टोकाशी बहुतेक किटमध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात, साधारण २० ते ४० नॅनोमीटरचे. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. इतकं बारीक सोनं पिवळं दिसत नाही, लाल दिसतं. या कणांवर रोगजंतूचं ठरावीक प्रथिन पकडणारी प्रतिपिंडं बसवलेली असतात. नमुन्याचे थेंब टाकले की ते पट्टीत झिरपत पुढे सरकतात आणि कणांना सोबत नेतात. प्रथिन असेल तर कण 'टी' (टेस्ट) रेघेपाशी अडकतात, साचतात आणि रेघ उमटते. उरलेले कण पुढे 'सी' (कंट्रोल) रेघेवर थांबतात. 'सी' रेघ उमटलीच नाही, तर ती चाचणी बाद धरायची.

गैरसमज २ : रेघ फिकट आहे, म्हणजे निगेटिव्हच.

वस्तुस्थिती : ठरलेल्या वेळेत दिसलेली फिकट रेघसुद्धा पॉझिटिव्ह असते. उलट, वेळ टळून गेल्यावर उमटलेल्या रेघेवर विसंबू नये. पट्टी वाळताना खोटी रेघ दिसू शकते. घरगुती कोविड किटचा निकाल १५ मिनिटांनी पाहायचा आणि २० मिनिटांनंतर दिसलेलं काहीही धरायचं नाही, असं सांगितलं जातं ते याचसाठी.

गैरसमज ३ : निगेटिव्ह आलं, म्हणजे आजार नाही.

वस्तुस्थिती : सगळ्यात घातक गैरसमज हाच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) जून २०२०मध्ये मान्यता दिलेल्या पहिल्या कोविड अँटिजेन किटची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के भरली होती. म्हणजे बाधित शंभर जणांपैकी १६ ते ४९ जण त्यातून निसटू शकत होते. म्हणूनच लक्षणं असूनही निगेटिव्ह आलेल्यांची आरटी-पीसीआर करा, असा आदेश होता. डेंग्यूचं एनएस-१ प्रथिन मुख्यतः तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत सापडतं. सातव्या दिवशी फक्त एनएस-१ तपासून निर्धास्त राहणं चुकीचं. मलेरियाच्या बऱ्याच किट एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात; पण काही परजीवींमध्ये ते बनवणारं जनुकच नसतं. असे परजीवी प्रथम पेरू देशात आढळले, २०१०मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध झाली.

गैरसमज ४ : पॉझिटिव्ह आलं, म्हणजे आजार आत्ताचाच.

वस्तुस्थिती : नेहमीच नाही. मलेरिया बरा झाल्यावरही एचआरपी-२ काही आठवडे रक्तात राहतं. डेंग्यूची आयजीएम प्रतिपिंडं तर काही महिने टिकू शकतात. त्यामुळे डेंग्यूचा झटपट चाचणीचा निकाल सरकारी यंत्रणा संशयित धरते आणि प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीने खात्री करते. त्यासाठीचे आयजीएम एलायझा किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तयार करते.

गैरसमज ५ : मोबाइलला जोडलेलं उपकरण जास्त अचूक असतं.

वस्तुस्थिती : अचूकता ठरते ती आतल्या रसायनावर आणि नमुना नीट घेण्यावर. मे २०२१मध्ये आयसीएमआरने मान्यता दिलेलं पुण्याच्या मायलॅबचं 'कोव्हिसेल्फ' ॲपसोबत वापरायचं होतं. ॲपमुळे निकालाची नोंद आयसीएमआरपर्यंत जायची. नाकातला स्वॅब मात्र माणसालाच नीट फिरवावा लागे. जोडणीचा खरा फायदा वेगाने कळवण्यात आहे. गोव्याच्या मोलबायोचं 'ट्रूनॅट' यंत्र बॅटरीवर चालतं, प्राथमिक आरोग्य केंद्रातही क्षयाचे जंतू आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा क्षय जनुकीय तपासणीने ओळखतं आणि निकाल दूरवर पाठवू शकतं. क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणं २०१२पासून बंधनकारक आहे, तेव्हा अशी जोडणी उपचार लवकर सुरू व्हायला हातभार लावते. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ मात्र नाडीचे ठोके किंवा त्वचेचं तापमान मोजतं. विषाणू ओळखत नाही.

किट लावाल तेव्हा मुदतीची तारीख पाहा, तापाचा कितवा दिवस आहे ते लिहून ठेवा, निकाल दिलेल्या वेळेतच वाचा आणि तो डॉक्टरांना दाखवा. निगेटिव्ह येऊनही ताप उतरत नसेल, तर पुन्हा तपासणीचा आग्रह धरा. किट हा एक पुरावा आहे. निदान करायचं ते डॉक्टरांनीच.