नवतपा आणि गळणारी फुलं

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू झाला की नागपुरात माणसं दारं लावून कूलरपुढे पडतात. परसातल्या दोडक्याला ती सोय नाही. दुपारी दोनला त्याची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबतात आणि आपला हात नळाकडे जातो. जरा थांबा, आधी आळ्यात बोट खुपसून बघा. दोन पेरं खाली माती ओली लागली, तर वेल तहानलेला नाही. मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडतंय, इतकंच. शिवाय लोंबत्या पानावर ऊनही कमी पडतं. संध्याकाळी तो आपसूक सावरतो. सकाळी सहालाही मान खालीच असेल, तर काळजी करा.

रोज दुपारी पाणी ओतणारे (मीही त्यातलाच होतो) मुळं कुजवतात. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांचा श्वास कोंडतो, ती पाणी ओढेनाशी होतात आणि वेल पुन्हा मान टाकतो. मग आपण आणखी पाणी घालतो!

टोमॅटोचं दुखणं वेगळं. झाड हिरवंगार, फुलं भरपूर, फळ मात्र धरत नाही. खाली पडलेलं एखादं फूल उचलून पाहा. देठाच्या मधे जी गाठ असते, तिथूनच ते ब्लेडनं कापल्यासारखं सुटलेलं दिसेल. हे किडीचं काम नाही, झाडानंच ते सोडलंय. दिवसाचा पारा ३५ आणि रात्रीचा २४ अंशांपुढे राहू लागला की परागकण नीट तयार होत नाहीत, झाले तरी रुजत नाहीत. फलन झालं नाही की गाठीतल्या पेशी सैल पडतात. आपल्याकडे मे महिन्यात दिवस ४२-४३ आणि रात्र २८च्या आसपास, तेव्हा झाडाला दोष कसा द्यायचा? नत्राचं खत वाढवलं तर नुसता पाला माजतो.

आधी धरलेली फळंही नारिंगीच राहतात. लाल रंगाचं लायकोपीन ३० अंशांच्या वर नीट बनत नाही, पिवळं कॅरोटीन बनत राहतं. रंग धरू लागलेली फळं तोडून घरात सावलीत ठेवली, तर जास्त लाल होतात.

भेंडी, गवार, चवळी यांना मात्र हे दिवस मानवतात. त्यांच्या बुडाशी पालापाचोळा पसरायचा आणि दोन झाडांच्या मधे एक भाजलेलं, बिनरंगाचं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरायचं. माती सुकेल तसं पाणी आपोआप झिरपतं. तोंडावर खापर ठेवायला विसरू नका, नाहीतर डास होतात.