घरांतील दिवा, वीज आणि पाणी

विजेच्या बिलाची गोष्ट निघाली म्हणजे शेतकऱ्याचें लक्ष प्रथम विहिरीवरील मोटारीकडे जातें. घरांतील दिव्याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. तो हिशेब सोपा असून करून पाहण्याजोगा आहे.

दिवा घेतांना आपण वॅटचा आंकडा पाहतों. परंतु वॅट हें विजेच्या खर्चाचें माप होय. प्रकाशाचें माप ल्यूमेन हें आहे. सुमारें ८०० ल्यूमेन प्रकाश देण्यास तारेच्या पिवळ्या बल्बास ६० वॅट, सीएफएल दिव्यास १४ वॅट व एलईडी दिव्यास ९ वॅट लागतात. तारेचा बल्ब तार तापवून उजेड पाडतो; त्यामुळें शंभरांतील नव्वदांहून अधिक भाग वीज उष्णतेंतच जाते. सीएफएलमध्यें पाऱ्याच्या वाफेच्या योगानें नळीच्या आंतील लेप उजळतो. एलईडींत अर्धवाहक पदार्थांतून थेट प्रकाश निघतो, म्हणून उष्णता कमी होते.

घरांत असे चार दिवे रोज पांच तास जळले, तर तीस दिवसांत पिवळ्या बल्बांस ३६ युनिट, सीएफएलला ८.४ व एलईडीला अवघीं ५.४ युनिट वीज लागेल. शिवाय पिवळा बल्ब सुमारें १,००० तास टिकतो. चांगला एलईडी १५,००० तास व त्याहूनही अधिक.

बीड जिल्ह्यास ही काटकसर विशेष महत्त्वाची आहे. परळी वैजनाथ येथील औष्णिक वीज केंद्र दुष्काळांत पाण्याअभावीं २०१३ सालीं व पुन्हां २०१५ सालीं बंद ठेवावें लागलें. कोळशापासून वीज करण्यास वाफेसाठीं व थंडाव्यासाठीं पाणी लागतेंच. केंद्र सरकारनें २०१५ च्या डिसेंबरांत जुन्या केंद्रांस युनिटमागें साडेतीन लिटरांची मर्यादा घालून दिली. त्या मापानें पाहतां, पिवळे बल्ब काढून एलईडी लावणाऱ्या वरील घराच्या बचतींत दरमहा सुमारें १०७ लिटर पाणी आहे.

तरी वाचकांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जो दिवा सर्वांत अधिक वेळ जळतो तो प्रथम बदलावा. खरेदी करतांना वॅटबरोबर ल्यूमेनचा आंकडाही वाचावा. सीएफएल फुटल्यास खिडक्या उघडाव्या, आणि तुकडे उकिरड्यांत मुळींच टाकूं नयेत. कारण त्यांतील पारा खताबरोबर शेतांत जाईल.