एका संगणकात दोन वेगांच्या डिस्क

बचत गटाचा संगणक सुरू व्हायला वेळ लागू लागला की बैठकीत विषय निघतो, "आता नवाच घेऊ या." गटाचे पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. बरेचदा सगळा संगणक थकलेला नसतो, त्यातली हार्ड डिस्क तेवढी संथ असते. तिच्या जोडीला जलद डिस्क बसवता येते. मग शंका येते, संथ डिस्क जलद डिस्कला मागे ओढेल का?

हार्ड डिस्क म्हणजे संगणकाची साठवणीची जागा. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये तबकडी फिरते. काही तबकड्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, काही ७,२००. म्हणजे सेकंदाला ९० किंवा १२०. हवी ती माहिती फिरत समोर येईपर्यंत संगणक थांबतो. सुरू होताना त्याला हजारो छोट्या फायली वाचायच्या असतात, म्हणून हे थांबणं साठत जातं. एसएसडी नावाच्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं. माहिती चिपमध्ये असते आणि लगेच हाती लागते.

आता शंकेचं उत्तर. एका जुवाला एक चपळ आणि एक संथ बैल जुंपला, तर चपळालाही संथाच्या चालीनं चालावं लागतं. पण संगणकात प्रत्येक डिस्कची केबल वेगळी असते. जणू दोन बैलांच्या दोन गाड्या. त्यामुळे जलद डिस्क आपल्या वेगानंच चालते. एका डिस्कवरून दुसरीवर फायली उतरवताना मात्र संथ डिस्कचाच वेग मिळतो. दोन्ही डिस्क जोडून त्यांची एकच डिस्क केली, तरी तेच होतं. म्हणून वेगवेगळ्या वेगांच्या डिस्क अशा जोडू नयेत.

कोणती वस्तू कुठे ठेवायची, हे आपल्याला स्वयंपाकघरानं शिकवलेलंच आहे. मिसळणाचा डबा चुलीपाशी, धान्याची कणगी आतल्या खोलीत. तसंच विंडोज आणि रोजचा हिशेबाचा प्रोग्राम एसएसडीवर ठेवावा. फोटो, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, मागच्या वर्षांची कागदपत्रं जुन्या मोठ्या डिस्कवर. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनं १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. आजच्या महासंगणकांतही साठवण अशीच वाटलेली असते: हाताशी थोडी आणि जलद, मागे भरपूर आणि संथ.

पुण्याला जाणं झालं, तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंची पुष्कळ दुकानं आहेत. जाताना संगणकाचं नाव आणि मॉडेल लिहून न्या. दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. आमच्या संगणकात दुसऱ्या डिस्कला जागा आणि जोडणी आहे का? विंडोज नव्या डिस्कवर घालून द्याल का? बिल आणि वॉरंटी मिळेल का? लॅपटॉपमध्ये बहुधा एकाच डिस्कची जागा असते, हेही लक्षात ठेवा.

काम द्यायच्या आधी सगळ्या नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्या. "जुनी डिस्क फॉरमॅट करू नका," असं स्पष्ट सांगा. फॉरमॅट केली की तिच्यावरचं पुसलं जातं.

एक शेवटचं. दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. वीज पडली किंवा संगणक चोरीला गेला, तर दोन्ही एकदमच जातील. कुणी किती हप्ता भरला, कुणाचं कर्ज किती उरलं, हे आठवणीवर आलं की भांडण होतं, आणि वर्षानुवर्षांचा विश्वास त्यात जातो. म्हणून दर बैठकीनंतर हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढावी आणि ती संगणक नसलेल्या घरी, सचिव किंवा अध्यक्ष ताईंकडे ठेवावी. नोंदवही तर चालू ठेवावीच.