स्तनाच्या कर्करोगावरील उपचार आणि हृदयाचे रक्षण

नागपूरचे रामदासपेठ दवाखाने व रुग्णालयांसाठी साऱ्या विदर्भात परिचित आहे. भंडारा, यवतमाळ, गडचिरोलीकडील रुग्णही उपचारांसाठी नागपूर गाठतात. स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी घ्यावयाची असेल, तर पुष्कळदा पहिल्या सलाइनपूर्वीच हृदयाची ‘टू-डी एको’ तपासणी करण्यास सांगितले जाते. गाठ स्तनात असताना तपासणी हृदयाची कशासाठी, असा प्रश्न घरच्या मंडळींना पडणे साहजिक आहे.

या रोगावर डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध बरेचदा वापरतात. कर्करोगाच्या पेशी नष्ट करीत असताना ते हृदयाच्या स्नायूंसही इजा पोहोचवू शकते. ही इजा एकूण मात्रेनुसार वाढत जाते. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण मात्रा ४०० मिलिग्रॅम झाल्यास शंभरांतील सुमारे ५, तर ५५० झाल्यास सुमारे २६ रुग्णांचे हृदय दुबळे झाल्याचे २००३ मधील एका अभ्यासात दिसून आले. प्रत्येकी ६० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या चार मात्रांची बेरीज २४० होते. म्हणून धोका कमी राहतो. मात्र उतारवय, रक्तदाब, जुना हृदयविकार किंवा पूर्वी घेतलेले हेच औषध यांमुळे तो वाढतो.

‘हर-टू’ प्रकारच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब या औषधानेही हृदयाची शक्ती घटू शकते. परंतु औषध थांबविल्यावर ती बहुधा भरून येते. हा उपचार साधारणतः वर्षभर चालतो व दर तीन महिन्यांनी एको करतात.

हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्यास किती टक्के रक्त बाहेर टाकतो, हे एकोत कळते. हा आकडा दहाहून अधिक अंशांनी घटून ५० च्या खाली आल्यास तो इशारा समजावा. मूळ आकडाच ठाऊक नसेल, तर ही घट कशी ओळखणार? वेळीच ओळखल्यास रक्तदाबावरील काही औषधांनी हृदय सावरू शकते. इटलीतील २०१५ च्या एका अभ्यासात अशा ८२ टक्के रुग्णांचे हृदय अंशतः वा पूर्णतः सावरले.

धाप लागणे, पाय सुजणे, उताणे झोपता न येणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना कळवावे. उपचार मात्र परस्पर बंद करू नयेत. औषधाच्या मात्रांची नोंद व एकोचे सर्व अहवाल एकाच फाइलमध्ये ठेवून प्रत्येक डॉक्टरांना दाखवावेत. कर्करोगातून वाचलेल्या स्त्रीचे पुढील आयुष्य या फाइलवर अवलंबून असू शकते.